आधी टप, मग गप्पा

वर्तककाकांना गाडीत पुढच्या सीटवर बसवू नये, हे मला अ‍ॅमस्टेलव्हीनच्या वाटेवर कळलं. आम्ही एका बारशाला निघालो होतो. माझा नवरा मंदार गाडी चालवत होता, मी मागे आहेराची पिशवी सांभाळत होते आणि काका अगदी शहाण्यासारखे पट्टा लावून बसले होते. हायवेला लागलो मात्र, आणि काका एकदम कळवळले. मला वाटलं, झालं, छातीत दुखतंय यांच्या. मंदारने घाबरून वेग कमी केला. काकांनी समोरच्या ट्रककडे बोट दाखवलं आणि दुखवट्याला गेल्यावर लावतात तसा आवाज लावून म्हणाले, "बघवत नाही रे. कुणी लावली असेल ती अशी?"

अँटेना. त्या ट्रकच्या आरशाजवळ एक अँटेना जराशी तिरकी उभी होती, एवढंच. पण पुढे बारशापर्यंत तोच विषय. तिथे बायका पाळण्यापाशी गोपाळ घ्या, गोविंद घ्या करत होत्या आणि इकडे काका बाळाच्या आजोबांना, तिरक्या अँटेनेचा आवाज एकाच बाजूला कसा सांडतो, ते दोन्ही हात हलवून दाखवत होते. आजोबांना ऐकायला कमी येत होतं म्हणून बारसं सुखरूप पार पडलं.

फेल्डहोवन या डच गावात आमची आणि काकांची घरं एका ओळीत, भिंतीला भिंत लागून आहेत. काका मूळचे वसईचे. आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम केलं, इथे येऊन कंपनीत नाव कमावलं आणि अलीकडेच नोकरीतून मोकळे झाले. काकू काही वर्षांपूर्वी गेल्या. इथले निवृत्त लोक बागेत ट्यूलिप लावतात, नाहीतर बोट घेऊन कालव्यात फिरतात. आमच्या काकांनी ट्रकमध्ये रेडिओ बसवून द्यायला घेतले. हौस म्हणून! कुणी विचारलं तर म्हणतात, "घरी बसून भिंतींशी काय बोलू?"

म्हणजे ट्रकमधून ट्रकशी बोलायचा तो छोटा रेडिओ, सीबी. डच लोक त्याला लाडाने बक्की म्हणतात. मुठीत मावेल असा माईक असतो. बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दोघांनी एकदम बोलायची सोयच नाही. मंदारला ही कल्पना संसारासाठी फार आवडली होती, पण मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि तो विषय तिथेच संपला.

मी एकदा काकांना विचारलं की, अहो, सगळ्यांच्या खिशात फोन असताना हा खटाटोप कशाला? तर त्यांनी मला खुर्चीवर बसवून समजावलं. फोन करायला नंबर लागतो, आणि समोरच्याने तो उचलावा लागतो. बक्कीला ओळख लागत नाही. पुढे अपघात झालाय, रस्ता तुंबलाय, धुकं आहे, एकाने सांगितलं की आसपासच्या सगळ्यांना कळतं. आणि कुणी काही सांगत नसलं तरी माणसं आहेत, हे कळतं. हे शेवटचं वाक्य ते जरा हळू बोलले. तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

आता त्यांचं वाहन. इथल्या आया पोरांना शाळेत सोडायला पुढे मोठी लाकडी पेटी असलेली सायकल चालवतात, तिला बाकफिट्स म्हणतात. काकांनी तशीच एक जुनी घेतली. पेटीत पोरांच्या जागी ड्रिल, केबलची भेंडोळी, पाने, चहाचा थर्मास आणि शंकरपाळ्यांचा डबा. पेटीला आडवी बांधलेली घडीची शिडी. झाकण पत्र्याचं, त्यावर काकांच्या स्वतःच्या बक्कीची अँटेना, आणि अँटेनेच्या टोकाला कुणाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून केशरी झेंडा. सायकलच्या रस्त्यावरून ही मिरवणूक निघाली की समोरच्या आया कौतुकाने हसत जवळ येतात, पेटीत डोकावतात आणि मग पोरांना घेऊन जरा लांबून जातात.

या सगळ्यात मी कशी ओढली गेले, ते ऐका. अँटेना नुसती लावून भागत नाही, ती त्या ट्रकशी आणि त्या संचाशी जुळावी लागते. त्यासाठी एक मीटर असतो. काटा डावीकडे राहिला तर सगळं आलबेल. उजवीकडे सरकला तर पाठवलेला आवाज बाहेर न जाता परत संचातच येतो आणि कधीतरी संच जाळतो. म्हणजे एकाने ट्रकमध्ये बसून बटण दाबायचं, काटा बघायचा, आणि दुसऱ्याने शिडीवर चढून अँटेनेची काडी केसभर खाली-वर करायची. काकांनी आधी मंदारला विचारलं. मंदारची पाठ त्याच क्षणी दुखायला लागली, ती आजतागायत दर शनिवारी सकाळी दुखते. राहिले कोण, तर मी. हायवेच्या बाजूला ट्रक उभे करायचं मोठं मैदान आहे, तिथे शनिवारी सकाळी मी ट्रकच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत असते, "मधे! अजून मधेच! आता जरा डावीकडे!" ऑफिसमध्ये लोक विचारतात, वीकेंडला काय करतेस. मी म्हणते, आराम.

पण हे बटण दाबणं वगैरे नंतरचं. त्याच्या आधी निवड. आणि काकांची निवड म्हणजे लग्न जुळवण्याच्या वरचढ. तिथेच ते त्यांचं वाक्य येतं, "आधी टप, मग गप्पा." ट्रकवाल्याने रेडिओ हवा म्हटलं की काका त्याच्याकडे बघतसुद्धा नाहीत, आधी शिडी लावून त्याच्या टपावर बोटाने टकटक करतात. कारण हल्लीच्या ट्रकचा टप पुष्कळदा पत्र्याचा नसतोच. प्लॅस्टिकचा असतो. त्यावर लोहचुंबकाची अँटेना चिकटत नाही आणि तिला खाली हवा असतो तो पत्राही मिळत नाही. मग आरशाच्या दांड्याला पट्टी लावायची, तिथून ट्रकच्या सांगाड्याला वायर न्यायची, अशी ती सगळी भानगड.

मारेक नावाचा एक पोलिश ड्रायव्हर आहे, भला माणूस, दाराएवढा रुंद. तो आमचं पहिलं मोठं गिऱ्हाईक. त्याने कुठल्याशा पेट्रोल पंपावरून चुंबकाची अँटेना उचलली होती, ती टपाला चिकटेना म्हणून त्याने ती चक्क चिकटपट्टीने बसवली होती. शिवाय ट्रकची बॅटरी चोवीस व्होल्टची, आणि याने बारा व्होल्टचा संच थेट जोडला. संचातून धूर निघाल्यावर तो काकांकडे आला. काकांनी ती चिकटपट्टी पाहिली आणि थोडा वेळ मैदानाच्या कडेला जाऊन उभे राहिले. परत आले ते प्रश्न घेऊनच.

मारेकला वाटलं कस्टमवाले आलेत. काका वसईच्या चालीवर डच बोलतात, मारेकचं डच त्याच्या गावच्या चालीचं, आणि मधे मी. तू जातोस कुठे? डोंगरात की सपाटीवर? पूल किती लागतात? ट्रक धुवायला ब्रशवाल्या मशीनखाली घालतोस की हाताने धुतोस? इथपर्यंत ठीक होतं. पण काका पुढे विचारत सुटले. रात्री मुक्काम कुठे करतोस? शेजारी कुणी असतं का? जेवतोस काय? एकट्याला कंटाळा येतो का? मी हळूच म्हटलं, काका, जेवणाचा अँटेनेशी काय संबंध? त्यांनी मला गप्प केलं. माणूस कुठे, कसा राहतो ते कळल्याशिवाय त्याला अँटेना देणं म्हणजे, त्यांच्या मते, अंगाचं माप न घेता कोट शिवणं.

मारेक बिचारा सारखा सांगत होता की त्याला फक्त उभी राहील अशी एक अँटेना हवी आहे. काका कुठले ऐकतात! एक अँटेना लांब होती, ती पुलाखाली आपटेल म्हणून बाद. एक आखूड होती, तिला काका म्हणाले, "ही नुसती शोभेची." तिसरी सगळ्यात बरी होती, पण तिच्या बुडाची स्प्रिंग त्यांना आवडली नाही. "संच कसाही चालेल, अँटेना खानदानी हवी," हे दुसरं वाक्य. मारेक दोन शनिवार चहा आणि शंकरपाळे खाऊन परत गेला. मला वाटतं, शेवटी तो रेडिओपेक्षा शंकरपाळ्यांसाठीच येत असावा. तिसऱ्या खेपेला एकदाचं सगळं बसलं. मी बूट काढून, हो, घरात शिरताना काढतो तसे ट्रकवाले आत चढतानाही बूट काढायला लावतात, मारेकच्या ट्रकमध्ये चढले, बटण दाबलं, काटा डावीकडे राहिला, आणि काकांनी शिडीवरूनच डोळे मिटून नमस्कार केला.

आता अमेयबद्दल सांगायलाच हवं. काकांचा एकुलता एक मुलगा. इथेच लहानाचा मोठा झाला. मराठी सगळं समजतं, पण उत्तर यायचं ते डचमध्ये. माझ्यासमोर शाळेत गेला, डेल्फ्टला इंजिनिअरिंगला लागला, आणि काकू गेल्या त्या वर्षी ते सोडून ट्रक चालवायला लागला. त्याला लहानपणापासून मोठ्या गाड्यांचं वेड होतंच. इथे ट्रक चालवण्यात कुणाला काही वाटत नाही, रीतसर परीक्षा देऊन, बऱ्या पगाराची नोकरी असते. पण आपल्या मंडळींत कसं असतं, ते तुम्हाला मी काय सांगायचं! नमस्कार झाला की दुसरा प्रश्न, मुलगा काय करतो?

त्या वर्षीच्या दिवाळी फराळाला हॉलमध्ये कुणीतरी काकांना तेच विचारलं. काका म्हणाले, "लॉजिस्टिक्समध्ये आहे." आणि त्यावर आणखी, "युरोपभर असतो." विचारणाऱ्याने वा वा केलं. अमेय मागेच चकलीची बशी घेऊन उभा होता. त्याने बशी टेबलावर ठेवली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आणि चक्क मराठीत म्हणाला, "मी ट्रक चालवतो," आणि निघून गेला. त्यानंतर तो काकांच्या घरी आला नव्हता. व्हेन्लोला खोली घेऊन राहतो. काकांनी मेसेज केला की त्याचा अंगठा यायचा. वाढदिवसाला अंगठा, गणपतीच्या फोटोला अंगठा. फोन करा ना, असं मी किती वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी एकच उत्तर, आत्ता गाडी चालवत असेल. रविवारी दुपारी, जेव्हा अर्ध्या युरोपात ट्रकना रस्त्यावर यायला बंदी असते, तेव्हासुद्धा काकांच्या लेखी अमेय गाडीच चालवत असायचा.

मला सगळ्यात राग याचा यायचा की दोघंही एकमेकांसाठी झुरताहेत हे आंधळ्याला दिसावं, आणि पाऊल कुणी टाकत नाही. काका तर दर नव्या ड्रायव्हरला निघता निघता, जसं काही आत्ताच आठवलं असं दाखवून, विचारायचे की तुमच्या वाटेवर कुणी भारतीय मुलगा भेटतो का, उंच, चष्म्याचा? कसा आहे? जेवतो का वेळेवर? आपला मुलगा आहे असं सांगायचे नाहीत. ओळखीचा आहे म्हणायचे. बहुतेक जण खांदे उडवायचे. मग काका शिडी आवरायचे, आणि परतीच्या वाटेवर मी काही बोलले तरी त्यांना ऐकू यायचं नाही.

मग दसरा आला. काकांनी ठरवलं की आपण बसवलेल्या सगळ्या अँटेनांची पूजा करायची. म्हटलं, करा. गार्डन सेंटरमधून झेंडूची रोपं आणून सगळी फुलं खुडली, हार केले, आणि मैदानात उभ्या असलेल्या आपल्या ट्रकना हळदकुंकू लावून, हार घालून, ड्रायव्हरांच्या हातावर लिंडनच्या झाडाची पानं ठेवून आले. सोनं घ्या म्हणे! मारेकने पान उलटसुलट करून बघितलं आणि आदराने खिशात ठेवलं.

आणि तासाभरात सगळीकडून ओरड. कुणाचाही रेडिओ नीट चालेना. मी एकेका ट्रकमध्ये चढून बटण दाबत होते आणि प्रत्येक काटा थेट उजवीकडे. काकांचा चेहरा पडला. सगळे जोड उघडले, वायरी तपासल्या, पुन्हा घट्ट केल्या. काटा काही हलेना. स्वतःच्या हाताचं काम, सणाच्या दिवशी, सगळंच्या सगळं फसलेलं! मारेकच्या खिडकीतून मी वैतागून वर बघत होते. अँटेनेवरच्या हारावर ऊन पडलं होतं आणि फुलांच्या मधे काहीतरी चमकत होतं.

मी विचारलं, "काका, हार कशात ओवलेत?"

काका शिडीवर होते. त्यांनी हाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाले की घरातला दोरा संपला होता, तेव्हा हाताशी तांब्याची तार होती. आयुष्य अँटेनांत घालवलेल्या माणसाने प्रत्येक अँटेनेला आपल्या हाताने एक जादा तार लोंबकळवली होती! मी हसता हसता सीटवरून घसरले. मारेकला सांगितलं तेव्हा तो इतका हसला की आख्खा ट्रक हलला. हार काढून त्याने आत आरशाला अडकवला आणि काटा निमूटपणे डावीकडे आला.

काका मात्र हसले नाहीत, लाजले. पण त्या हाराने काम केलं. मारेक पुढच्या आठवड्यात व्हेन्लोच्या गोदामात माल भरत असताना शेजारच्या ट्रकमधल्या मुलाने तो वाळका हार पाहिला आणि हे कुठून आलं म्हणून विचारलं. मारेकने त्याला सगळी कथा रंगवून सांगितली. एक भारतीय म्हातारा, सायकलला झेंडा, टपावर टकटक, जेवलास का म्हणून विचारतो, आणि उंच, चष्म्याच्या मुलाची चौकशी करतो. मुलगा आधी खूप हसला आणि मग एकदम त्याने ते मैदान कुठे आहे म्हणून विचारलं, असं मारेकने नंतर मला सांगितलं. आपण काकांच्याच मुलाला सांगतोय, याची मारेकला काय कल्पना.

त्यानंतरच्या शनिवारी आम्ही आपापल्या सायकलींवरून मैदानात पोचलो तर मारेकच्या शेजारी एक निळा ट्रक उभा होता आणि त्याच्या पायरीवर अमेय बसला होता. दाढी वाढवली होती. काकांनी सायकलला ब्रेक लावला तो जरा उशिराच लागला, शिडी जवळजवळ ट्रकला धडकली. मी म्हटलं, आता बोलतील. अमेय उठून उभा राहिला आणि डचमध्ये म्हणाला की त्याला एक बक्की बसवून हवी आहे.

काकांनी मान हलवली. शिडी उतरवली, लावली, वर चढले आणि टपावर टकटक केलं. मला तर कपाळावर हात मारावासा वाटला. पोरगा इतक्या दिवसांनी समोर आलाय आणि हा माणूस टप वाजवतोय! काका खाली उतरले. मग सुरू झाले प्रश्न, अनोळखी ड्रायव्हरला विचारावेत तसे, एकामागून एक. मालकाला विचारलंस का? भोक न पाडता बसवू. जातोस कुठे? अमेयने सांगितलं, ऑस्ट्रिया, उत्तर इटली. डोंगर म्हणजे. बर्फ असतं? असतं. रात्री मुक्काम कुठे? शेजारी कुणी असतं? कधी असतं, कधी नसतं. काय जेवतोस? अमेय खाली बघत म्हणाला, खिचडी. ट्रकमध्ये छोटा कुकर आहे. आईसारखी होत नाही. एवढं ऐकून काका बाकफिट्सच्या पेटीत काहीतरी शोधायला वाकले, ते बराच वेळ वाकलेलेच राहिले.

या खेपेला तीन-तीन अँटेना बघणं नाही, स्प्रिंगला नावं ठेवणं नाही. पेटीच्या तळाशी जुन्या सुती धोतरात गुंडाळलेली एक होती, ती काढली. डोंगरासाठी कुठली चांगली, प्लॅस्टिकच्या टपाला कुठली चालेल, हे अमेयच्या गाडीपुरतं त्यांनी कधीच ठरवून ठेवलं होतं. आरशाच्या दांड्याला पट्टी लागली, वायर सांगाड्याला गेली, व्होल्ट उतरवायची डबी बसली. अमेय न सांगता पाना पुढे करत होता. बोलणं फक्त पान्याच्या मापाचं. मी बूट काढून आत बसून बटण दाबलं, काटा डावीकडे.

राहिली शेवटची चाचणी, आवाज किती लांब पोचतो ती. अमेयचे त्या आठवड्याचे गाडी चालवायचे तास संपले होते, विश्रांती पुरी होईपर्यंत त्याला ट्रक हलवायची परवानगी नव्हती. तेव्हा काका म्हणाले, मी जातो लांब. आणि बाकफिट्सवर बसून, कालव्याच्या कडेने सरळ जाणाऱ्या सायकलरस्त्याला लागले. वारा असा होता की केशरी झेंडा मागे ताठ झाला होता. अमेय ड्रायव्हरच्या सीटवर, मी शेजारी, माईक त्याच्या हातात.

थोडं गेलं की काका सायकल थांबवायचे, पाय टेकवायचे, मग बोलायचे. आवाज येतोय का? अमेय म्हणायचा, येतोय. पुन्हा थोडं पुढे. येतोय का? येतोय. आणखी पुढे. मग अमेय मराठीत म्हणाला, "अजून पुढे जा बाबा. येतोय." झेंडा आता टिकलीएवढा दिसत होता. काका एव्हाना कालव्यावरच्या पुलापर्यंत पोचले असतील. मग त्यांचा आवाज आला, दमलेला.

"अमेय, त्या दिवाळीला मी लॉजिस्टिक्स म्हणालो. ट्रक म्हणायची मला लाज वाटली. चूक झाली माझी. तुझ्या आईने असं कधी केलं नसतं." मग वाऱ्याचा आवाज. "उत्तर दे म्हणत नाही. ऐकू आलं, एवढं सांग."

मी खिडकीबाहेर बघायला लागले. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते कुणाला दाखवायचे नव्हते. अमेयने बटणावर बोट ठेवलं, पण दाबेना. तेवढ्यात हायवेवरच्या कुणा डच ड्रायव्हरचा आवाज मधेच घुसला. ही कुठली भाषा, सगळं ठीक आहे ना, असं तो विचारत होता. अमेयने बटण दाबलं आणि डचमध्ये सांगितलं, "हे माझे वडील आहेत. माझ्या ट्रकची अँटेना तपासताहेत." पलीकडचा म्हणाला, नशीबवान आहेस.

अमेयने माईक माझ्या हातात दिला. माझ्या सायकलची किल्ली मागितली. माझी सायकल तुला फार बुटकी होईल, असं मी म्हणेपर्यंत तो खाली उतरलाही होता.

मी एकटी त्या उंच ट्रकमध्ये, अनवाणी. रेडिओत खरखर वाढली आणि काकांचा आवाज आला, "अमेय? आहेस का तिथे?" मग पुन्हा, "अमेय?"

मी बटण दाबलं. "काका, मी शर्वरी. त्याला सगळं ऐकू आलं. आता बोलू नका. तो माझी सायकल घेऊन तुमच्याकडेच निघालाय. तिथेच थांबा."

पलीकडे बटण दाबलं गेलं. वारा आणि त्यांचा श्वास ऐकू आला.

"त्याला सांग," काका म्हणाले, "वारा समोरून आहे. सावकाश ये म्हणावं."

अमेय केव्हाच कालव्याच्या कडेला पोचला होता, सीटवरून उठून, उभ्याने पेडल मारत. माझी हाक तिथवर जाणं शक्यच नव्हतं.

"सांगते," मी म्हटलं, आणि बटण सोडलं.